आतड्याचा दाह, कोरोना आणि स्टिरॉइडचे खाते

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने आतड्याच्या विकारावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. मी ह्या विषयाकडे वळले त्याला दोन कारणे झाली. एक म्हणजे, भोपाळला राहणाऱ्या माझ्या सख्ख्या मामांना हा विकार आहे. दुसरे असे की, ह्या विकाराच्या रोग्यांना कोरोनापासून धोका किती, हा प्रश्न २०२० साली जगातील डॉक्टरांनी ज्या रीतीने सोडवला, ती रीत आपण वर्गात शिकतो त्या सांख्यिकीचीच आहे. मध्यक, नमुना, गुणोत्तर हे शब्द परीक्षेपुरते पाठ करणाऱ्या आपल्यासारख्यांना ते शब्द माणसाच्या जिवाशी कसे येऊन भिडतात, हे पाहणे उपयोगाचे होईल, असे वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

विकार कोणता?

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. पोट बिघडणे, आम्लपित्त, किंवा परीक्षेच्या दिवशी वारंवार शौचास जावे लागणे, ह्यांतील कशाचाही येथे विचार नाही. आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज येणे, त्याला व्रण पडणे, रक्त व आव पडणे, वजन घटणे, आणि हे सर्व महिनोन्‌महिने शांत राहून पुन्हा उसळणे, असा हा आजार आहे. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्यापुरता मर्यादित असतो. क्रोन्स हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कोठेही होऊ शकतो, व आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. न्यूयॉर्कचे डॉ. बर्रिल क्रोन व त्यांचे दोन सहकारी ह्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावरून हे नाव पडले.

शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, असे ह्या विकाराचे ढोबळ स्वरूप सांगता येईल. ती का उलटते ह्याचे एकच एक कारण नाही. अनुवंश, आहार, आतड्यातील जंतूंची वस्ती, अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असतात. आजार समूळ बरा करणारे औषध नाही. त्याला शांत ठेवणारी औषधे आहेत, आणि ती वर्षानुवर्षे घ्यावी लागतात.

हा साहेबांच्या देशातला रोग, आपल्याकडे नाही, अशी समजूत पूर्वी होती. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली व ती २००३ साली प्रसिद्ध केली. तीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रोगी मिळाले. वाचकांनी भागाकार करून पाहावा: लाखाला ४४ च्या वर प्रमाण येते. दोन-चार लाख वस्तीच्या जिल्ह्याच्या गावाला हेच प्रमाण लावले, तर तेथे शंभर-दोनशे रोगी असू शकतील. त्यांतील कित्येक जण मूळव्याध समजून वर्षे काढतात. क्रोन्सच्या बाबतीत आपल्या देशात आणखी एक अडचण असते. आतड्याचा क्षयरोग हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. क्षयाच्या रोग्याला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले, तर क्षय भडकतो. म्हणून निदान करताना आपल्याकडच्या डॉक्टरांना दुप्पट सावध राहावे लागते.

आजाराविषयी बोलायला माणसे लाजतात, हीही एक गोष्ट आहे. वास्तविक आतडे हा अवयव आपल्या दोन्ही भाषांत मोठ्या मानाचा. मराठीत दुसऱ्याच्या दुःखाने आतडे तुटते, आणि आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मैत्रिणी सांगतील की त्यांच्या ‘करुळु’ ह्या शब्दात आतडे व माया हे दोन्ही अर्थ नांदतात. त्याच आतड्याच्या व्रणाविषयी मात्र घरात कुजबुजत बोलावे लागते.

मार्च २०२० ची भीती

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोरोना ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. भोपाळमध्ये पहिला रोगी २२ मार्चला आढळला, आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी आली. त्या वेळी आतड्याच्या दाहाच्या रोग्यांना भीती वाटण्याला दोन सबळ कारणे होती.

पहिले कारण आतड्याचे. हा विषाणू शरीराच्या पेशीत शिरताना एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो. हे प्रथिन फुप्फुसात असते, तसेच लहान आतड्याच्या अस्तरावर ते विपुल असते. कोरोनाच्या काही रोग्यांना जुलाब होत, ते उगाच नव्हे. तेव्हा ज्याचे आतडे आधीच सोललेले, त्याच्या घराची कडी विषाणूला सहज उघडेल, असे वाटणे स्वाभाविक होते.

दुसरे कारण औषधांचे. प्रतिकारशक्ती उलटल्यामुळे होणाऱ्या रोगावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. विषाणूशी लढायचे त्याच वेळी सैन्याची शस्त्रे काढून घ्यायची, हे कोणालाही घातकच वाटणार. पण येथे एक बारकावा आहे आणि पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे. ह्या रोगाची सगळी औषधे एका माळेचे मणी नाहीत. मेसालामीन हे औषध आतड्याच्या अस्तरावर काम करते व सर्व शरीराची प्रतिकारशक्ती दाबत नाही. अ‍ॅझाथायोप्रिन ती दाबते. इन्फ्लिक्सिमॅबसारखी सुईवाटे दिली जाणारी औषधे दाह पेटवणारा एकच ठराविक रेणू अडवतात. आणि प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडे सगळ्याच आघाड्यांवर एकदम पडदा टाकतात.

अवधपुरीतील वही

माझे मामा भोपाळला अवधपुरीत राहतात. भेलच्या वसाहतीला लागून असलेला हा भाग. नोकरीतून निवृत्त झालेली पुष्कळ कुटुंबे तेथे घर बांधून राहिली आहेत. मामांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होऊन अकरा वर्षे झाली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. हिशेबी स्वभावामुळे त्यांनी औषधांची एक वही ठेवली आहे. तारीख, औषध, मात्रा, खर्च व शेवटी ‘प्रकृती’ असा रकाना. गेल्या सुटीत मी तेथे असताना त्यांनी ती मला वाचावयास दिली आणि तिच्यातील मजकूर येथे देण्यास परवानगीही दिली.

मार्च २०२० पर्यंतच्या दोन वर्षांत ‘प्रकृती’च्या रकान्यात ‘ठीक’ ह्याखेरीज शब्द नाही. औषध एकच: मेसालामीन. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या ओळीवर काट मारलेली आहे. ‘आतड्याच्या गोळ्या प्रतिकारशक्ती मारतात, त्या घेणाऱ्यांना कोरोना सोडत नाही,’ असा एक निरोप त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. गोळ्या संपत आल्या होत्या, दुकानात पुढचा माल नव्हता, ते नेहमी जात त्या रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग बंद होता. भीती आणि अडचण एकाच दिशेने ओढू लागल्यावर माणूस दुसरे काय करणार? मामी म्हणाल्या, “अहो, डॉक्टरांना फोन तरी करा.” मामांचे उत्तर वहीत नाही, पण मामींना ते पाठ आहे: “ह्या गडबडीत त्यांना माझ्या पोटाचे काय सांगू?”

सात आठवडे काही झाले नाही. मेच्या अखेरीस ‘रक्त’ हा शब्द येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दिवसाला दहा-बारा वेळा शौच, ताप व अशक्तपणा. अखेर दूरध्वनीवरून डॉक्टर भेटले. त्यांनी प्रेडनिसोलोन दिवसाला ४० मिलिग्रॅम सुरू केले आणि दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करण्यास सांगितले. चाळीस, पस्तीस, तीस, पंचवीस, वीस, पंधरा, दहा, पाच. असे आठ आठवडे.

प्रतिकारशक्ती शाबूत राहावी म्हणून जे औषध टाकले, ते ती दाबणारे नव्हतेच. ते टाकल्यामुळे जे घ्यावे लागले, ते मात्र ती खरोखरच दाबणारे होते. ह्या अदलाबदलीची किंमत किती, हे समजण्यासाठी आकड्यांकडे वळले पाहिजे.

५२५ रोग्यांची नोंदवही

मार्च २०२० मध्येच अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ व न्यूयॉर्कचे माउंट सायनाय येथील डॉक्टरांनी ‘सिक्युअर-आयबीडी’ ह्या नावाची एक जागतिक नोंदवही उघडली. आतड्याच्या दाहाच्या ज्या रोग्याला कोरोना झाल्याचे सिद्ध झाले, त्याची माहिती, नाव न देता, कोणत्याही देशातील डॉक्टरांनी तीत भरावयाची. त्याच वर्षी पहिला हिशेब प्रसिद्ध झाला. ३३ देशांतून ५२५ रोगी. वयाचा मध्यक ४३ वर्षे. त्यांपैकी १६१ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. ३७ जणांना अतिदक्षता विभाग किंवा कृत्रिम श्वसनयंत्र लागले वा मृत्यू आला. मृत्यू १६.

येथे घाईने ‘शेकडा सात जणांची स्थिती गंभीर होते’ असा निष्कर्ष काढला, तर आपल्या सांख्यिकीच्या सरांनी गुण कापले असते. कारण ही नोंद स्वेच्छेची आहे. जो रोगी घरी दोन दिवस खोकून बरा झाला, तो डॉक्टरांकडे गेलाच नसेल. मग वहीत कसा येणार? उधारीच्या वहीत जशी फक्त उधारीवाल्यांची नावे असतात, रोखीने घेणारी गिऱ्हाइके तीत सापडत नाहीत, तसेच हे. सामान्य लोकांशी तुलना करताना वय जुळवून घेऊन मृत्यूचे गुणोत्तर काढले, तेव्हा चीनच्या आकड्यांच्या मानाने ते १.८, इटलीच्या मानाने १.५ व अमेरिकेच्या मानाने १.७ आले. पण नमुना लहान असल्यामुळे प्रत्येक आकड्याच्या दोहो बाजूंना अनिश्चिततेचा जो पट्टा असतो, त्या तिन्ही पट्ट्यांत १ हा आकडा येत होता. १ म्हणजे फरक नाही. म्हणजे रोगामुळेच धोका वाढतो, असे ह्या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येत नव्हते. पुढच्या काळातील अभ्यासांतूनही, आतड्याच्या दाहाच्या रोग्यांना इतरांपेक्षा कोरोना अधिक लागतो, असे दिसून आले नाही.

वहीचा खरा उपयोग आतल्या आत तुलना करण्यात होता. ह्या ५२५ जणांतच गंभीर झालेले व न झालेले ह्यांत फरक कोणता? वय, इतर आजार ह्यांचा परिणाम गणिताने वजा करून मग एकेका औषधाचे गुणोत्तर काढण्यात आले. अंगात भिनणारे स्टिरॉइड घेणाऱ्यांसाठी ते ६.९ आले, आणि पट्टा २.३ पासून २०.५ पर्यंत. पट्टा रुंद आहे, कारण गंभीर रोगी ३७ च होते. तरी त्याचे खालचे टोकही १ च्या बरेच वर आहे. उलट, ज्या सुयांची सर्वांत अधिक धास्ती होती, त्या इन्फ्लिक्सिमॅबच्या जातीच्या औषधांचे गुणोत्तर ०.९ आले, पट्टा ०.४ ते २.२. म्हणजे धोका वाढल्याचा पुरावा नाही. दोन किंवा अधिक इतर आजार असणाऱ्यांचे गुणोत्तर २.९ होते.

एक आकडा सर्वांना बुचकळ्यात टाकणारा होता. मेसालामीन व त्याच्या जातीच्या औषधांचे गुणोत्तर ३.१ आले. ज्या औषधाला निरुपद्रवी म्हणावे, तेच दोषी? २०२१ साली वही वाढून ४७ देशांतील १,४३९ रोग्यांची झाली. त्यांत गंभीर ११२. तेव्हा मेसालामीनचा आकडा उतरून १.७ झाला, आणि हिशेबाची मांडणी बदलून पाहता तोही सौम्य होत गेला. तुलना कोणाशी होते आहे, ह्यावर उत्तर अवलंबून असते, हा त्यातील धडा. सुईची औषधे घेणाऱ्यांच्या शेजारी उभे केले की मेसालामीनवाले उगाच आजारी दिसतात. त्याच मोठ्या हिशेबात अ‍ॅझाथायोप्रिनच्या जातीची औषधे घेणाऱ्यांचे गुणोत्तर, एकट्या सुईच्या औषधाच्या तुलनेत, ४ च्या आसपास आले. म्हणून डॉक्टर त्या औषधांचा फेरविचार करू लागले. फेरविचार डॉक्टरांनी करावयाचा असतो, रोग्याने निरोप वाचून नव्हे, हे सांगावयास नकोच.

स्टिरॉइडचे खाते

आता स्टिरॉइड हे विषच, असा समज कोणी करून घेऊ नये. प्रत्येक खात्याला दोन बाजू असतात, आणि ह्या खात्याची जमेची बाजू फार मोठी आहे.

१९५५ साली ऑक्सफर्डच्या डॉ. ट्रूलव्ह व डॉ. विट्स ह्यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २१० रोग्यांवर केलेल्या चाचणीचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कॉर्टिसोन, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. सहा आठवड्यांनी कॉर्टिसोनवाल्यांत शेकडा ४१ जणांचा रोग शांत झाला होता. दुसऱ्या गटात शेकडा १६ जणांचा. त्यापूर्वी रोगाची जोराची उसळी आली, म्हणजे पुष्कळदा माणूस हातचा जात असे. तेव्हा ह्या गोळीने असंख्य प्राण वाचवले आहेत. मात्र आग विझवण्याच्या कामी ती येते. आग लागू नये म्हणून रोज घेण्याची ती नव्हे. ते काम मेसालामीनसारख्या औषधांचे. सल्फासॅलझिन हे त्यातील मूळ औषध स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ ह्या बाईंनी उपयोगात आणले, आणि त्यातील गुणकारी भाग कोणता, हे १९७७ साली दाखवणाऱ्या ऑक्सफर्डच्या मंडळींत डॉ. ट्रूलव्ह ह्यांच्यासमवेत आपल्या शेजारच्या बांगलादेशाचे डॉ. ए. के. आझाद खान होते.

कोरोनाच्या काळात ह्याच खात्यात दोन नव्या नोंदी झाल्या. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, दहा दिवसांपर्यंत, देऊन पाहिले. हे प्रेडनिसोलोनच्या हिशेबात सुमारे ४० मिलिग्रॅम होते. श्वसनयंत्रावरील रोग्यांत २८ दिवसांतील मृत्यू शेकडा ४१.४ वरून २९.३ वर आले. नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. पण ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता, त्यांना काही फायदा दिसला नाही. उलट मृत्यू १४ ऐवजी १७.८ होते, जरी हा फरक निश्चित म्हणण्याइतका नव्हता. कारण असे की, पहिल्या दिवसांत लढाई विषाणूशी असते व तेव्हा सैन्य हवे असते. पुढे काहींच्या शरीरात सैन्यच बेफाम होऊन फुप्फुसे जाळू लागते, आणि तेव्हा त्याला आवरावे लागते.

हा भेद न पाळल्याचे फळ आपल्या देशाने २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये पाहिले. सौम्य ताप असलेल्यांनीही घरच्या घरी स्टिरॉइडे घेतली. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया ह्यांनी ह्या गैरवापराविषयी जाहीर इशारा दिला. स्टिरॉइडने रक्तातील साखर वाढते व प्रतिकारशक्ती दबते. मधुमेही रोग्यांत काळ्या बुरशीचा रोग पसरला, डोळे व जबडे गमावण्याची पाळी आली. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयातही त्या रोग्यांसाठी वेगळी व्यवस्था करावी लागली.

आता मामांच्या वहीचा हिशेब लावता येईल. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनच्या पचनविकारतज्ज्ञांच्या संस्थेने आतड्याच्या दाहाच्या रोग्यांचे तीन वर्ग पाडले होते: सर्वाधिक धोक्याचा, मध्यम, व सर्वांत कमी. फक्त मेसालामीन घेणारा शेवटच्या वर्गात. त्याने इतरांसारखीच काळजी घ्यावयाची. दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन घेणारा पहिल्या वर्गात. त्याने घराबाहेर पाऊल टाकावयाचे नाही. मामांच्या आठ आठवड्यांपैकी चाळीस ते वीस असे पाच आठवडे पहिल्या वर्गात जातात. म्हणजे धोका टाळण्यासाठी गोळी टाकलेला माणूस शेवटच्या वर्गातून उठून पहिल्या वर्गात जाऊन बसला, आणि तोही नेमका शहरात रोगी वाढत असताना. जुलैच्या २४ तारखेपासून भोपाळमध्ये पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी करावी लागली होती. त्या पाच आठवड्यांत मामांना कोरोना झाला नाही, हा योगायोग. योगायोगाला हिशेबात धरत नाहीत.

भोपाळने शिकवलेली गोष्ट

हा केवळ एका घरचा प्रकार नव्हता, आणि ह्याचा दोष केवळ भीतीकडे जात नाही. जुना आजार असलेल्या माणसाला नव्या साथीत दुहेरी मार बसतो, एक विषाणूचा व दुसरा बंद दारांचा, हे भोपाळपेक्षा अधिक कोणत्या शहराने पाहिले असेल?

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायूने ज्यांची फुप्फुसे जळाली, ती माणसे २०२० मध्ये म्हातारी झालेली होती. एप्रिलच्या मध्यापर्यंत भोपाळमध्ये कोरोनाने झालेले पहिले पाचही मृत्यू गॅसपीडितांचे होते, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. आणि त्याच सुमारास, गॅसपीडितांसाठीच उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय मार्चच्या आदेशाने केवळ कोरोनाच्या रोग्यांसाठी राखून ठेवण्यात आले होते. संघटनांनी न्यायालयात दाद मागितली, आणि एप्रिलच्या मध्यास तो आदेश मागे घेण्यात आला. वायूने जळलेले फुप्फुस व व्रण पडलेले आतडे ह्यांची तुलना मी करीत नाही. पण दोघांचीही गरज सारखीच होती: रोजचे औषध व ओळखीचा डॉक्टर ह्यांत खंड न पडणे.

सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरध्वनीवरून व चित्रफितीवरून उपचार देण्याचे नियम जाहीर केले, आणि एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. मार्ग उघडला होता. पण तो उघडला आहे, हे अवधपुरीतल्या एका निवृत्त माणसाला जूनमध्ये कळले. सोय असणे व ती असल्याचे ठाऊक असणे, ह्यांमधले अंतर ह्या प्रकरणात दोन महिन्यांचे होते.

आज काय ध्यानात ठेवावे?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही. तो अधूनमधून डोके वर काढतो. शिवाय उद्या दुसरी एखादी साथ येणारच नाही, असे कोण सांगेल? म्हणून ह्या अभ्यासातून निघणाऱ्या गोष्टी थोडक्यात मांडते.

एक: आतड्याचा दाह शांत असेल, तर तो विकार आहे एवढ्यावरून साथीत घाबरून जाण्याचे कारण नाही. रोग शांत ठेवणे हेच मोठे संरक्षण. म्हणून नित्याचे औषध आपल्या मनाने सोडू नये, आणि घरात निदान महिन्याचा साठा असावा.

दोन: स्टिरॉइड चालू असेल, तर ते शक्य तितके लवकर व शक्य तितके खाली आणण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. पण ते एकदम बंद करू नये. काही आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी करते. अचानक थांबवल्यास प्राणावर बेतू शकते.

तीन: लस घ्यावी. भारतात १६ जानेवारी २०२१ पासून दिलेल्या कोविशील्ड व कोव्हॅक्सिन ह्या दोन्ही लसींत शरीरात वाढू शकणारा जिवंत विषाणू नव्हता. त्यामुळे प्रतिकारशक्ती दबलेल्यांनाही त्या चालत होत्या. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत पहिल्या मात्रेनंतर प्रतिपिंडे कमी तयार होतात, दुसरीनंतर वाढतात, असे ब्रिटनमध्ये दिसून आले. म्हणजे अशा रोग्याने मात्रा अर्धवट सोडू नये.

चार: सुईची औषधे सुरू करण्यापूर्वी आपल्या देशात क्षयाची तपासणी टाळू नये. कोरोनाच्या गडबडीत हा जुना शत्रू विसरला जातो.

पाच: ही गोष्ट डॉक्टरांइतकीच आपल्यासारख्या आकड्यांच्या विद्यार्थ्यांना लागू आहे. ‘अमुक औषध घेणाऱ्यांना धोका सातपट’ असे वाक्य समोर आले, की तीन प्रश्न विचारावेत. सातपट कोणाच्या तुलनेत? एकूण किती जणांत? आणि त्या आकड्याच्या दोहो बाजूंचा पट्टा केवढा? एप्रिल २०२० मध्ये फिरणाऱ्या त्या निरोपाला ह्यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. विचारला असता तर निदान एवढे तरी कळले असते, की त्यात औषधाचे नावच दिलेले नव्हते.

मामांच्या वहीत मेसालामीनची ओळ ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्यापुढे त्यांनी एक नवा रकाना आखला आहे, ‘शिल्लक गोळ्या’. ज्यांच्या घरी कोणताही जुना आजार व रोजची गोळी आहे, त्यांनी असा रकाना आजच आखून ठेवावा, आणि शेजारी डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक लिहावा, इतकीच विनंती.